कोपरखैरणे ते जासई, घणसोलीमार्गे

दिवस पहिला : मंगळवार, १३ जानेवारी २०२६

ठाण्याला कॉलेजला जाताना गेलं दीड वर्ष मी घणसोली स्टेशन रोज बघते आहे. कोपरखैरण्यानंतरचं पहिलंच. गाडी थांबते, माझी मैत्रीण डब्यात चढते, मी तिच्यासाठी धरलेली जागा मोकळी करते आणि ठाण्यापर्यंत आमच्या गप्पा चालतात. राज्यशास्त्राच्या तासाला ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा भाग आम्ही एकाच बाकावर बसून शिकलो. पण मी कधी तिच्या घरी गेले नव्हते आणि ती माझ्या घरी आली नव्हती. आमच्याकडं तिच्या लोकांना ‘गाववाले’ म्हणतात, तिच्याकडं आम्हाला ‘कॉलनीवाले’. दोघींनाही हे शब्द लहानपणापासून पाठ.

या आठवड्यात गुरुवारी नवी मुंबई महापालिकेचं मतदान. ती म्हणाली, “मंगळवारी राहायला ये. मत द्यायला घरी जा, मग शुक्रवारी उरणकडं जासईला जाऊ, शेतकरी हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाला.” मी बॅग भरली तेव्हा आमची आजी म्हणाली, “घणसोलीला ऱ्हायला? इथनं दिसतीया की घणसोली.”

आम्ही माथाडी कुटुंबातले. आजोबा पाटण तालुक्यातून मशीद बंदरला आले, गोण्या वाहायला लागले. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यांच्यासारख्यांना मंडळ मिळालं, हजेरी मिळाली, म्हातारपणाची थोडी सोय झाली. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला आणि पाठोपाठ आमचं घरही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आलं. आज त्याच बाजारात पप्पा काम करतात. आमच्या घरात माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी आहे, आणि तो तिथंच शोभतो.

घणसोली स्टेशनबाहेर पश्चिमेला आधी सेक्टर लागतात. सरळ रस्ते, इमारतींवर नंबर. मग एका वळणावर नंबर संपतात आणि गाव सुरू होतं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वाटी देता यावी. मैत्रिणीचं घर तळमजला अधिक तीन. खाली घरचे राहतात, वरच्या तिन्ही मजल्यांवर भाडेकरू. दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड कराडचं निघालं. जिन्यात त्या काकूंनी मला विचारलं, “तुमी कुठल्या?” मी पाटण म्हटल्यावर त्यांनी तिथंच मला चहाला बोलावलं.

खाली ओट्यावर मैत्रिणीची आजी बसली होती. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“कोनाची गो तू?”

मी कोपरखैरण्याची म्हणाले. तिचा चेहरा उजळला. “माजा म्हायेर बोनकोऱ्याला!” बोनकोडे हे तिचं माहेर, आगरी बोलीत ‘ड’ चा ‘र’ होतो हे मला तेव्हा कळलं. वसाहत नक्की कुठली, बाजारपेठेच्या कुठल्या अंगाला, असं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, “मंग तुमचे बिल्डिंगीखाली आमचा भात व्हता. बांधाव आंबा व्हता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या दूरच्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं तिनं ते सांगितलं. मी मात्र गप्प झाले. आमचं घर कशावर उभं आहे हा प्रश्न एकोणीस वर्षांत मला पडलाच नव्हता. कष्टानं मिळालेलं घर, एवढंच मला माहीत होतं, आणि ते खरंही होतं.

रात्री जेवताना तिच्या काकांनी हिशेब मांडला. तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं असं पुढ्यात होतं आणि त्यांचा एक हात वहीवर. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १७ मार्च १९७० ला स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली होती, म्हणजे कित्येक घरांची जमीन दोनदा गेली: डोंगराकडची कारखान्यांना, खाडीकडची शहराला. मग ‘साडेबारा टक्के’, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत. हा शब्द नवी मुंबईत राहणारा प्रत्येक माणूस ऐकतो, पण काका तो गुंठ्यांत सांगत होते. “एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के, पाच गुंठे. त्यातून तीस टक्के रस्ता, शाळा, बाग यांच्यासाठी वजा. हातात किती? साडेतीन.” त्यांच्या घरची तीन एकर गेली होती. साडेदहा गुंठे, त्यात चार भाऊ. मग बिल्डरशी करार, मग वाट बघणं. दरम्यान मुलांची लग्नं झाली, घरात माणसं मावेनात, म्हणून जुन्या घरावर मजले चढले. सरकारी भाषेत ही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती नियमित करण्याची घोषणा आपण लहानपणापासून ऐकतो आहोत असं मैत्रीण म्हणाली. तिचं लहानपण मागं पडून बराच काळ झाला.

मला आमचं घर आठवलं. बैठं घर होतं, वर पप्पांनी माडी चढवली, काकाच्या लग्नासाठी. आमच्या गल्लीत बहुतेकांनी चढवली आहे. तिची परवानगी आहे का, हे मी आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

संध्याकाळी प्रचार थांबला होता. आठवडाभर गल्लीगल्लीतून वाजणारे भोंगे एकदम बंद. नाक्यावर जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या तसबिरीला झेंडूचा हार होता. आज त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली.

दिवस दुसरा : बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

पहाटे रिक्षानं दिवागावला. तिथं मैत्रिणीच्या मामांची होडी आहे. ऐरोलीची कॉल सेंटरं आणि काचेच्या इमारती मागं टाकून रिक्षा कोळीवाड्यात शिरली आणि वासानंच कळलं की खाडी आली.

भरतीची वेळ साधून आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना तिवरं, मधे तपकिरी पाणी, पल्याड मुलुंड-भांडुपच्या इमारती धुरकट. थोडं पुढं गेल्यावर चिखलाच्या पट्ट्यावर रोहित पक्षी दिसले. आधी फक्त एक फिकट गुलाबी रेघ, मग मान खाली घालून चालणारे शेकडो पाय. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. लोक आता तिकीट काढून बघायला येतात. ऐरोलीला वनखात्याचं जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटी सुटतात. मामाही कधीकधी बोट चालवतात आणि त्यांना ते काम आवडतं. “पोरांना पक्षी दाखवायला बरं वाटतं,” ते म्हणाले. मग जाळं ओढताना म्हणाले, “पण मी मासेवाला हाय.”

जाळ्यात कोळंबी थोडी, बोईट दोन, आणि प्लास्टिकच्या पिशव्या. त्यांच्या वडलांच्या वेळी निवट्या, चिंबोऱ्या, जिताडं असं इतकं मिळायचं की विकून उरलेलं वाटायचे. नंतर कारखान्यांचं पाणी आलं, गाळ साचला, तिवरं पुढं सरकली आणि जुन्या डोल जाळी लावायच्या जागा बुजल्या. तिवरं वाचली पाहिजेत हे मला शाळेपासून शिकवलं गेलं आहे आणि मला ते पटतं. पण मामांना कोणी विचारलं का, की वाचवताना तुझी वाट कुठून ठेवायची? जमीन गेलेल्यांना निदान साडेबारा टक्के हा शब्द तरी मिळाला. पाणी गेलेल्या माणसाचा सातबारा नसतो, त्यामुळं त्याचं काय गेलं ते मोजायचं कशात, हे मला अजून सुचलेलं नाही. तासाला बाईंना विचारणार आहे.

दुपारी झोप काढली.

संध्याकाळी तिच्या घरी हळदीकुंकू. खालच्या खोलीत आगरी बायका, वरून उतरलेल्या भाडेकरू बायका, समोरच्या सिम्प्लेक्स वसाहतीतल्या माथाडींच्या दोघी, सगळ्या सतरंजीवर दाटीवाटीनं. तिळगूळ देता देता बोलणं निवडणुकीवर आलं. चार जणांचा प्रभाग कशाला, एका माणसाला धरता येत होतं, चौघांत कोणाला धरायचं, असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, निम्म्या जागा बायकांना, पण बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा. तिसरी म्हणाली, अगं, फोटो असू दे, बाई मिटिंगला गेली की शिकते, आमची आधीची शिकली होती. मला तिसरीचं बोलणं पटलं. बाईंना संधी मिळते ती कागदावर मिळते, पण खुर्चीवर बसल्यावर कागद तिच्या हातात येतो.

सोसायट्यांच्या मागण्याही निघाल्या. कुणाला पेव्हर ब्लॉक, कुणाला इमारतीचा रंग, कुणाला सीसीटीव्ही. मतं एकगठ्ठा ठरवायची आणि आधी काम करून घ्यायचं. मी याला मनात भ्रष्टाचार म्हणत आले आहे. तिथं बसून ऐकताना वाटलं, २०१५ नंतर पालिकेची निवडणूक झाली नाही, मे २०२० पासून सगळा कारभार प्रशासकाकडं. पाच वर्षांहून अधिक काळ दार वाजवायला नगरसेवकच नसला तर माणूस जे मिळेल ते आज पदरात पाडून घेतो. तरी इमारतीच्या रंगासाठी मत देऊ नये असंच मला वाटतं. मी तसं बोलले. एक काकू म्हणाल्या, “तू शिकलेली, तू नीट दे. पण आमच्या बिल्डिंगीला गळती हाय.” त्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बायका गेल्यावर आजीनं मला जवळ बसवलं. बोनकोड्याची ती भाताची जमीन, तिच्या वडलांची. मोबदला आला तेव्हा भावांनी तिला आणि बहिणींना बोलावलं, नवी साडी नेसवली, गोडाचं जेवण घातलं आणि हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला. “भाऊ हाय, म्हायेर ऱ्हायला पायजे,” ती म्हणाली. माहेर राहिलं. दर दिवाळीला बोलावणं यायचं. गुंठा एकही आला नाही.

मैत्रीण हे पहिल्यांदाच ऐकत होती. प्रकल्पग्रस्तांच्या सगळ्या मोर्च्यांच्या गोष्टी तिला पाठ आहेत, तिच्या आजीची ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. आम्ही दोघी रात्री बराच वेळ जाग्या होतो.

दिवस तिसरा : गुरुवार, १५ जानेवारी

सकाळच्या गाडीनं घरी. तीन-चार मिनिटांचा प्रवास, पण आज खिडकीतून मी बांध शोधत होते.

माझं पहिलं मतदान. आणि आजीचं या शहरातलं पहिलं. इथं राहून तिला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण आजोबांचं आणि तिचं नाव कायम गावच्या यादीत. निवडणूक लागली की वसाहतीतून गाड्या भरून गावाकडं जायच्या, आजोबा मुक्काम करून मत देऊन यायचे. या शहरातला रस्ता त्यांनी रोज पायाखाली घातला, पाणी प्यायले, पण इथल्या नगरसेवकाला त्यांनी कधी मत दिलं नाही. “आपलं गाव आपलं, हितं आपुन पोटासाठी,” असं ते म्हणत. ते गेल्यावर आईनं खटपट करून आजीचं नाव इथं आणलं.

शाळेतल्या केंद्रावर आम्ही पाच जणं एकत्र गेलो. पप्पा, आई, आजी, काकी, मी. आजीच्या बोटाला मार्करनं शाई लावली. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार बटणं. आजी आत बराच वेळ होती. बाहेर आली आणि म्हणाली, “चारी दाबली बाई. एक बाई, एक गडी, एक बाई, एक गडी.” तिनं कोणाला दिलं ते आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या घरात पप्पा संघटनेचं ऐकतात, काकी माहेरच्यांचं, आई अलीकडं कोणाचंच ऐकत नाही. मी माझ्या चौघांची शपथपत्रं वाचून गेले होते. बटण दाबताना हात थरथरला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. १११ नगरसेवकांच्या सभागृहात माझ्या बोटाचा एवढासा वाटा आहे आणि मला तो मोठा वाटतो.

घरी आल्यावर आजी उदास दिसली. साताऱ्याला आता जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आहे. फोनवर तिच्या भावाला ती सांगत होती, “माझं नाव आता तिकडं न्हाई रं.” मी तिच्याजवळ बसले आणि घणसोलीच्या आजीची हक्कसोडाची गोष्ट सांगितली. आजीनं पदर तोंडाला लावला. “आमच्याकडं साडी नव्हती दिली. लुगडं दिलं हुतं,” ती म्हणाली.

मला वाटत होतं, आमच्या आणि तिच्या कुटुंबामध्ये आतला आणि बाहेरचा एवढाच फरक आहे. एकाची जमीन गेली, दुसऱ्याला घर मिळालं. पण जमीन जाताना आणि घर मिळताना दोन्हीकडं कागदावर पुरुषांची नावं होती. एकीचं भाताचं शेत बोनकोड्यात गेलं, दुसरीची जिराईत पाटणला, आणि दोघींनीही भाऊ राहावा म्हणून सही दिली. पप्पांना हे मी जेवताना बोलून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत्याचं नाव घेऊन म्हणाले, “तिला फोन लाव रविवारी.” आमच्या माडीच्या कागदावर आत्याची सही आहे की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

दिवस चौथा : शुक्रवार, १६ जानेवारी

आज मतमोजणी, आणि आज जासईचा स्मृतिदिन. मैत्रीण घणसोलीहून आलेल्या गाडीत खिडकीशी बसली होती, तिनं माझ्यासाठी जागा धरली होती. नेरूळला उतरून उरणची लोकल पकडली. ही गाडी पुढं खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये सुरू झाली आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. डब्यात गर्दी नव्हती. खाडी ओलांडली, मग उलव्याच्या इमारती, मग पाणथळ, बगळे, आणि आभाळात अगदी खाली उतरणारं विमान. पंचवीस डिसेंबरपासून नव्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. मैत्रिणीनं विमानाकडं पाहिलं आणि १० जून २०२१ ची मानवी साखळी आठवली. ती तेव्हा शाळेत होती, काकांचा हात धरून रस्त्यावर उभी होती. चौदा दिवसांनी बेलापूरला मोर्चा निघाला. विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून.

माझ्या घरी दि. बा. पाटील हे नाव मी बातम्यांतच ऐकलं होतं. उरणकडच्या जासईचा शेतकऱ्याचा मुलगा, वकील, शेतकरी कामगार पक्षाचा, पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि दोन दिवसांत पाच जण गेले. त्यातूनच साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं आणि पुढं राज्यभर भूसंपादनाच्या बोलण्यात ते उदाहरण झालं.

जासईच्या स्मारकापाशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती, कार्यक्रम आटोपला होता. हार ताजे होते. खुर्च्या उचलणारी पोरं, एका कोपऱ्यात बसलेले तीन म्हातारे, आणि रस्त्यावरून बंदराकडं जाणारे कंटेनर, एकामागून एक, थांबतच नव्हते. बोललेलं ऐकू यायला आम्हाला जवळ सरकावं लागलं. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, कुठून आलात. मैत्रीण घणसोली म्हणाली. मी कोपरखैरणे, माथाडी वसाहत, असं पूर्ण सांगितलं. कधी नव्हे ते मला ते पूर्ण सांगावंसं वाटलं. ते म्हणाले, “माथाडी? तुमचा पन लढा मोठा. अण्णासाहेब.” आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

मी पण जोडले. मोबाइलवर निकाल येत होते, मैत्रिणीच्या गल्लीतला आणि आमच्या गल्लीतला, दोघींचे फोन सारखे वाजत होते. आम्ही ते तासभर पाहिले नाहीत. पाच नावं पाटीवर वाचली, मोठ्यानं, एकेक करून.

परतीच्या गाडीत मैत्रिणीनं सांगितलं की तिच्या आजीला माझ्याकडं यायचं आहे. पंचवीस तारखेला रथसप्तमी, रविवार, हळदीकुंकवाला. रात्री मी घरी पोचले तोवर गल्लीत गुलाल होता आणि आईनं वाणाच्या वाट्या मोजायला घेतल्या होत्या. घणसोलीहून फोन आला. मी पत्ता सांगू लागले, सेक्टर, गल्ली, घर नंबर. पलीकडून आजीनं मला थांबवलं.

“सेक्टर नको सांगू गो. आंबा व्हता, त्याचे कनचे अंगाला तुमचा घर, ता सांग.”

मला काय माहीत. मी फोन हातात घेऊन आमच्या आजीकडं पाहिलं आणि विचारलं, आपण आलो तेव्हा इथं आंबा होता का गं?

“हुता की,” आजी म्हणाली. “गल्लीच्या तोंडाला. बांधावर. म्या पापड वाळवायची त्याच्याखाली.”

मी फोन तिच्या हातात दिला. दोघींना एकमेकींचं बोलणं नीट कळायला थोडा वेळ लागला. मग पलीकडून आलेला प्रश्न मलाही ऐकू आला: “कवा तोरला गो त्यो?” आजी भिंतीला टेकून बसली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सांगायला लागली.